चितारओळीतून फाउंडेशनला

आर्ट कॉलेजात फाउंडेशनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली नाही. एकेकाला उभं करून विचारलं, "याआधी काय केलंय?" एकीने इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची ए ग्रेड सांगितली. दुसरी लहानपणापासून बसोली या नागपूरच्या बालचित्रकारांच्या गटाच्या शिबिरांना जाणारी, तिला चार लोकांसमोर बोलायची भीती म्हणून नव्हतीच. गोंदियाकडच्या एका मुलाने दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या होत्या. मेहंदी निघाली, रांगोळी निघाली, मोबाइलवर काढलेली अ‍ॅनिमेची पात्रं निघाली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आमच्या घरी मूर्ती बनतात. चितारओळीत." नागपुरातली ही आमची मूर्तिकारांची गल्ली.

"घरी बनतात, ठीक आहे. तू काय करतेस?"

"मी दागिने रंगवते."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत, "बस" म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. तो दागिने शब्द मला पुढे दोन महिने चिकटला. कॅन्टीनमध्ये लोक मला "ओ, दागिने" म्हणून हाक मारत.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, शिल्पकलेला. दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी बारावी झालेलं पोर घेऊन आमच्या कारखान्यात येतं, "हिला सांग जरा तुझ्या कॉलेजबद्दल" म्हणून. आई चहा टाकते, मी तेच तेच बोलते. या वेळी लिहून काढते आहे. ज्यांच्या घरात हाताने करायचं काहीतरी आधीपासून चालत आलंय, त्यांना हे जास्त उपयोगी पडेल. मग ते शिवणकाम असो, पाट्या असोत, सुतारकी असो. ज्यांची पाटी कोरी आहे त्यांना पहिलं वर्ष एका अर्थाने सोपं जातं, ते कसं ते पुढे येईलच.

चितारओळ बाहेरच्यांना फक्त गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दिसते. घरी मात्र उन्हाळ्यापासून काम सुरू असतं. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, सुतळीने आवळून बांधायची, मग माती. पोळ्यापर्यंत गल्लीतून स्कूटर निघत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, आणि दोन-तीन दिवसांत लोक पाट घेऊन दारात उभे. कारखान्यातून गणपती गेले की महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आलेल्याच असतात, त्यामागून पितृपक्षातला आमच्या नागपूरचा मस्कऱ्या गणपती, मग नवरात्राच्या देव्या, शारदा, दिवाळीची लक्ष्मी. हे सगळं एकामागे एक येतं. यात माझं काम ठरलेलं. पाचवी-सहावीत असताना पॉलिश पेपरने घासणं. आठवीत पितांबराचा काठ. दहावीनंतर मुकुट, बाजूबंद, नखं. डोळ्यांना हात लावायचा नाही. डोळे बाबा काढतात, सगळ्यात शेवटी, सकाळी, चहाच्या आधी, कुणाशी न बोलता. डोळ्यांची आखणी चालली असताना काकूसुद्धा मिक्सर लावत नाही.

थोडक्यात, मी अठराव्या वर्षी कॉलेजात आले तेव्हा माझ्या हाताला बारीक ब्रशने न थरथरता दोन फुटांची रेषा ओढता येत होती. मला वाटलं, बस, आपलं निम्मं काम झालं.

प्रवेशाचं आधी उरकते, कारण सगळे तेच विचारतात. बारावी कुठल्याही शाखेची चालते. मी कॉमर्सची. चार वर्षांच्या बीएफएसाठी, म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी, राज्याच्या सीईटी सेलची एएसी (अप्लाइड आर्ट्स अँड क्राफ्ट) सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे हाताचे पेपर आणि जोडीला सामान्यज्ञानाचा एक. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट मनापासून दिलीय त्यांना हे तिन्ही शब्द ओळखीचे असतात. पुष्कळ जण इंटरमिजिएट दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात, ए ग्रेडचे 7, बीचे 5, सीचे 3, आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर. ती पेटी खाली काढा. सीईटीच्या आधी रोज एक स्मरणचित्र घड्याळ लावून करा. 'बसस्टॉपवरची गर्दी' हा विषय घरी बसून काढू नका, बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीत, जाऊन अर्धा तास उभे राहा, घरी या आणि मग काढा. मी तसं केलं नाही. माझ्या बसस्टॉपवरच्या सगळ्या बायका लक्ष्मीसारख्या उभ्या होत्या, एक हात वर.

सामान्यज्ञानाचा पेपर लोक सोडून देतात. त्यात कलेच्या इतिहासाचे, चित्रकारांचे, वास्तूंचे प्रश्न येतात आणि ते पाठ करून मिळणारे गुण असतात. मला या अभ्यासात कळलं की वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले. सैयद हैदर रझा 1939 ते 1943 नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला जे. जे.ला गेले. आपल्या शहरातल्या याच उन्हात त्यांनी कागद वाळवले असतील, याचं मला भारी अप्रूप वाटलं. बाबांना सांगितलं. ते मूर्तीच्या कानाला माती लावत होते. "त्याइनं गणपती केला का कधी?" म्हणाले. नाही म्हटल्यावर पुन्हा कानाकडे वळले.

आता पहिल्या वर्षाचं. फाउंडेशन म्हणजे शाखा कुठलीही घ्या, आधी सगळ्यांना तेच. वस्तू, निसर्ग, टू-डी डिझाइन, थ्री-डी डिझाइन, रंग, अक्षरं, थोडं छपाईचं, आणि थिअरी. नव्या मुलांची निराशा पहिल्या तीन आठवड्यांतच होते. घरून येताना डोक्यात मोठी कॅनव्हास असतात आणि इथे सांगतात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ चौकोन भरा. करड्याचे सात टप्पे मध्ये. प्रत्येक टप्प्यातला फरक सारखा दिसला पाहिजे. हे वाचताना सोपं वाटतं. पोस्टर कलरमध्ये काळ्याचा एक थेंब जास्त पडला की पांढऱ्याची अर्धी बाटली जाते, आणि ओला असताना बरोबर जमलेला टप्पा वाळल्यावर दुसराच निघतो. गडद रंग वाळून जरा फिका होतो, फिका जरा गडद. मी तो कागद पाच वेळा केला. गोंदियावाल्याने पहिल्या फटक्यात केला. त्याला ट्रॉलीच्या कडेला छटा उतरवत न्यायची सवय होती.

त्यानंतर स्टूल. वर्गाच्या मधोमध तीन लाकडी स्टुलं एकावर एक अस्ताव्यस्त रचलेली, आणि मॅडम म्हणाल्या, "स्टूल काढू नका. पायांच्या मधली रिकामी जागा काढा." मला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटला. मी स्टुलं काढली, छान काढली, लाकडाचे रेशेसुद्धा दाखवले. मॅडमनी कागद उलटा धरला आणि विचारलं, "हे इथलं स्टूल आहे की तुला माहीत असलेलं?" चारही पाय मी सारख्या लांबीचे काढले होते. मला दिसत होते त्यातला एक तर पूर्ण झाकलेला होता.

माझ्यासारख्यांची गोची इथे होते. आमच्या घरी बघून काही करत नाहीत. नाक कसं, सोंड कुठे वळते, बोटांची पेरं किती, हे हाताला ठाऊक असतं. बाबा लाइट गेली तरी कान बसवतात. हे ज्ञान खोटं नाही, त्यावर आमचं घर तीन पिढ्या जेवलं आहे. पण समोर वस्तू ठेवली तरी हात तिच्याकडे बघायचं सोडून स्वतःचंच सांगत राहतो. पाटी कोरी असलेल्या मुलांना हा त्रास नाही. त्यांचा हात मुकाट्याने डोळ्याचं ऐकतो, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. पहिलं वर्ष माझ्या मते चित्र शिकण्यासाठी नाहीच, आपला हात आपल्याला न विचारता काय काय करतो ते पकडण्यासाठी आहे. मला ते पकडायला दिवाळी उजाडली.

कारण झालं हेड स्टडीचं, म्हणजे माणूस समोर बसवून त्याचं डोकं-चेहरा काढण्याचं. मॉडेल म्हणून एक आजोबा आले, जवळच्याच एका इमारतीचे चौकीदार, गालफडं बसलेली, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच. चारकोल हातात. सगळ्यांनी डोक्याचा गोळा काढून मधल्या रेषा आखायला घेतल्या आणि मी थेट डोळ्यांपासून सुरुवात केली. घरी जे करू देत नव्हते ते पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलं होतं, मी कशाला सोडते! कानापर्यंत गेलेली पापणी, वर कमानदार भुवई, बुब्बुळात चमक. दोन तास मान वर केली नाही. सर मागे येऊन थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आजोबांना यंदा नवरात्रात बसवणार आहेस का?"

सगळा वर्ग आला बघायला. आजोबा स्वतः उठून आले. त्यांनी चित्राकडे हात जोडले. ते थट्टेने जोडले की खरंच, मला अजून सांगता येत नाही.

त्या दिवशी सरांनी मला फक्त मोजायला लावलं. हात ताठ, एक डोळा मिटून, पेन्सिल उभी. कवटीच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेतलं तर डोळे जवळजवळ बरोबर मध्यावर येतात. कुणाचाही चेहरा घ्या. नवशिका माणूस ते वर चढवतो, कारण कपाळ आणि केस त्याच्या लेखी चेहऱ्यात धरलेलेच नसतात. आमच्या मूर्तीत डोळे वरही असतात आणि मोठेही, ते भक्ताला लांबून दिसावेत म्हणून. ते चुकीचं आहे असं कुणी म्हणालं नाही. फक्त ते आजोबांचे नव्हते.

एका दुसऱ्या शिक्षकांनी मात्र माझ्या डिझाइनच्या कागदावर सगळ्यांदेखत "हे बाजारू आहे" असं म्हटलं होतं, तेही नोंदवून ठेवते. नक्षी आमच्या मुकुटाची होती. मला राग आला आणि अजून आहे. बाजारासाठी केलेलं वाईट आणि गॅलरीसाठी केलेलं चांगलं, हे त्यांनी कुठल्या तराजूत तोललं? त्यांच्या घरचा गणपतीही कुणाच्या तरी बाजारातूनच येत असणार. तुम्हालाही असं कुणीतरी म्हणेल, मेहंदीबद्दल, रांगोळीबद्दल, पाट्यांबद्दल. लगेच ती सोडून देऊ नका, आणि हट्टाने प्रत्येक कागदावर आणूही नका. मी दोन्ही केलं. आधी महिनाभर घरचं काम लपवलं, मग महिनाभर सूड म्हणून सगळीकडे वेलबुट्ट्या.

रंगाच्या बाबतीत घरची सवय तर पुरती उलटी निघाली. मूर्तीवर आधी पांढरा अस्तर, मग अंगाचा रंग, मग गडद, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्याचे ठिपके. मोत्यांवर, नखांवर, डोळ्यांत. जलरंगात पांढरा हा कागदाचाच. तो आधीपासून राखून ठेवायचा, फिक्याकडून गडदाकडे जायचं, आणि एकदा झाकला की गेला. मी पहिल्या तीन लँडस्केपवर शेवटी पोस्टर व्हाइटचे ठिपके दिले. अंबाझरी तलावाच्या पाण्यावर मोती पडल्यासारखे दिसत होते.

नागपूरच्या उन्हाचं कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही म्हणून सांगते. एप्रिल-मेमध्ये पारा 45च्या आसपास असतो तेव्हा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, कागदावर पसरायच्या आत वाळतो. आभाळ रंगवायला घ्यावं तर पट्टे पट्टे. कूलरसमोर बसावं तर कागद फडफडतो आणि कूलरचे तुषार ओल्या रंगावर पडून फुलं उमटतात. उपाय म्हणजे पहाटे सहाला निघणं. शुक्रवारी तलावाच्या, म्हणजे गांधीसागरच्या काठावर तेव्हा सावल्याही लांब मिळतात. कागद आधी दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर ताणून चिकटवा. रंगात पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त घ्या, ब्रश मोठा घ्या. आणि डोक्याला पांढरा दुपट्टा. दहा वाजता गाशा गुंडाळून तर्री पोहे खायचे आणि घरी.

सामानावर माझे पहिल्याच महिन्यात साडेचार हजार गेले. त्यातले अर्धे मूर्खपणाचे होते. दुकानदार यादी बघूनच ओळखतो, पहिल्या वर्षाचं पाखरू आलं. चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. पिवळा, लाल, निळा यांच्या एकेक गरम (लालसर-पिवळसर झाकेची) आणि एकेक थंड (निळसर-हिरवट झाकेची) ट्यूब, वर एक मातकट तपकिरी, आणि पोस्टरचा पांढरा मोठा. यात वर्ष निघतं आणि रंग मिसळायला शिकता ते वेगळंच. कागद सुटा न घेता इम्पीरियल पूर्ण घ्या, 22 बाय 30 इंच. त्याचे चार तुकडे केले की चार क्वार्टर होतात. चौघांनी मिळून घेतला तर आणखी स्वस्त. ड्रॉइंग बोर्ड आमच्या मोहल्ल्यातल्या सुताराने प्लायचा करून दिला, दुकानातल्याच्या निम्म्या पैशांत, फक्त कडा घासून घ्या, नाहीतर कागद फाटतो. खर्च करायचाच असेल तर ब्रशवर करा. एक चांगला गोल ब्रश दहा वाईट ब्रशांचं काम करतो. वापरून झाल्यावर तो पाण्याच्या डब्यात उभा ठेवून घरी गेलात तर मात्र तुमचं नशीब.

बोर्ड घेऊन दुचाकीवर मागे बसू नका. आषाढाच्या वाऱ्यात तो पतंग होतो. माझी मैत्रीण रामदासपेठेच्या सिग्नलला जवळजवळ उडाली. मी चितारओळ चौकातून मेट्रो धरते. मेट्रोचा दुसरा फायदा, समोर बसलेली माणसं. वीस मिनिटांत तीन माणसं काढायची, उतरली तर उतरली, अर्धी तर अर्धी. छोटी वही, बॉलपेन. खोडायची सोय नको म्हणून बॉलपेन. बहुतेकांचं डोकं मोबाइलमध्ये असतं, कुणाला पत्ता लागत नाही. एका काकूंना लागला. त्यांनी वही मागून घेतली, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं नाक एवढं मोठं काऊन केलं वो?" मोठं होतंच ते. पण तोपर्यंत मी मोजायला शिकले होते, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. काकूंना नाही झाला.

आता ज्याने माझं पहिलं सत्र जवळपास बुडालं, ते. आमच्या धंद्याचा हंगाम आणि कॉलेजचं पहिलं सत्र यांची तारीखवार टक्कर होते. प्रवेश होऊन वर्ग बसतात न बसतात तोच पोळा. सबमिशनच्या तारखा बरोबर गणपती ते नवरात्र. घरी म्हणत, "चार दिवस नाही गेली तं काय होते?" आणि कॉलेजात हजेरी. मी आठ दिवस रात्री दोनपर्यंत मुकुट रंगवले आणि सकाळी वर्गात स्टिल लाइफच्या सुरईसमोर बसल्या बसल्या झोपले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आधीच दागिने म्हणत होते, त्यात आणखी भर कशाला! शेवटी मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा रडू आलं. त्यांनी हजेरीत सूट वगैरे दिली नाही. म्हणाल्या, "वस्तुचित्राला वस्तू इथल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? घरी आहे ते काढून आण." मग मी रंग उडालेल्या वाट्या, अर्धवट हात, खुंटीला टांगलेल्या सोंडा, तणसाचा ढीग, घासून झालेल्या पॉलिश पेपरच्या चळती काढल्या. कारखान्यात जन्म गेला, पण तणसाचा रंग पिवळा नसतो, त्यात हिरवट-राखाडी जास्त असतो, हे मी तेव्हा पाहिलं.

तुमच्याही घरी असा हंगाम असेल. लग्नसराईत बॅन्ड असेल, दिवाळीत शिवण असेल, सुगी असेल. वर्गशिक्षकांना पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा. सूट मिळेल असं नाही, पण निदान ते तुम्हाला आळशी समजणार नाहीत.

थ्री-डीच्या तासाला माझे दिवस आले. मातीची फरशी करून त्यावर उठावाचं काम करायचं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्यांच्या फरश्या दोन दिवसांत तडकल्या. माझी नाही. एकदम जाड थर द्यायचा नाही, सावलीत वाळवायचं, रात्री ओलं फडकं झाकायचं, आणि भेग पडलीच तर चिंधी पातळ मातीत बुडवून ती भेगेवर बसवायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, श्वासासारखं येत होतं. संध्याकाळपर्यंत मी अकरा जणांच्या फरश्या दुरुस्त केल्या. त्या दिवसापासून दागिने हे नाव गेलं. सरांनी मात्र मला झापलं, "तू त्यांच्या भेगा बुजवल्या, आता त्यांना माती कधी समजणार?" मला तेव्हा वाटलं, माणूस कधीतरी खूश होऊ शकतो ना बापा. आज मी पहिल्या वर्षाच्या मुलांना नुसतं सांगते, हात लावत नाही.

शिल्पकला घ्यायचं ठरलं ते अजब बंगल्यात. आपलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासूनचं. शाळेच्या सहलीत सगळे तिथे पेंढा भरलेले प्राणी बघून येतात. आम्हाला दगडी मूर्तींच्या दालनात बसवलं, दिवसभर, पेन्सिल आणि वही. मी सवयीने डोळ्यांपाशी गेले आणि अडकले. त्या डोळ्यांत बुब्बुळच नाही. रंग नाही, चमकेचा ठिपका नाही. वरची पापणी किंचित पुढे आलेली, तिची सावली खाली पडते, आणि तेवढ्याने तो चेहरा तुमच्याकडे बघतो. सकाळी एक बघतो, दुपारी खिडकीतलं ऊन सरकलं की वेगळं बघतो. नाक फुटलेलं असूनही. आमच्या घरी डोळे म्हणजे ब्रश. कुण्या एका दगडफोड्याने ते काम छिन्नीने आणि उन्हाकडून करून घेतलं होतं. मी त्या दिवशी पाच पानं फक्त पापण्या काढल्या. चौकीदाराने सहा वेळा सांगितलं की बंद व्हायची वेळ झाली.

शाखा निवडताना घरचे विचारतीलच, पुढे काय? उपयोजित कला घेतली तर जाहिरात, पॅकेजिंग, स्क्रीनचं डिझाइन असे नोकरीचे रस्ते तुलनेने सरळ आहेत, पण आमच्या वरच्या वर्षांतले बरेच त्यासाठी पुण्या-मुंबईला गेले. चित्रकला आणि शिल्पकलेला तसा सरळ रस्ता नाही. कामं मिळवावी लागतात, शिकवण्या घ्याव्या लागतात. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडीची (आर्ट टीचर डिप्लोमा) पदविका वेगळी आहे, चार वर्षं घालवायच्या आधीच तिची चौकशी करा. माझ्या काकांचा प्रश्न जरा निराळा होता. "मूर्ती घरी शिकता येते, मग फी भरून काऊन शिकून राहिली?" मी बरीच उत्तरं दिली, एकही पटलं नाही. पटलं तर बाबांना, तेही वेगळ्याच कारणाने. कॉलेजात शाडूच्या मातीत न तडकणारी पातळ मूर्ती कशी करता येईल यावर मी नमुने करत होते. प्लास्टर ऑफ पॅरिसवरून दर वर्षी कोर्ट-कचेरीच्या बातम्या येतात, गिऱ्हाईक मातीची मूर्ती मागतं आणि हलकी हवी म्हणतं. बाबांनी एक नमुना उचलून पाहिला, वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "तुह्या सरांनी सांगतलं का हे?" अर्धं, म्हटलं. "बाकीचं?" तुम्ही, म्हटलं.

यंदा त्यांनी पहिल्यांदा शारदेचा चेहरा मला दिला. अख्खा, डोळ्यांसकट. मी स्टुलावर चढले, हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि ब्रश उभा धरून हनुवटी ते कपाळ मोजायला लागले. खालून बाबांचा आवाज आला, "अगं, देवीले मोजतेस का?" मग जरा थांबून, "मोज. पण वर ठेव थोडे. लोक लांबून पायतात."

वर ठेवले.

कुणाला कागद दाखवायचे असतील, सीईटीचं विचारायचं असेल, तर संध्याकाळी सहानंतर कारखान्यात या. कागद गुंडाळून आणू नका, सपाट आणा. आणि पोळ्याच्या आधीच या. पोळ्यानंतर आलात तर आई चहा देईल आणि सोबत पॉलिश पेपरही.